मारिसोल वहिनींचा कोकी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या वाचनालयात त्यांच्याच प्रकरणी विडरश्प्रुख, म्हणजे रीतसर हरकत, लिहीत बसलो होतो. श्रीकांतदादा, माझा मावसभाऊ, एवढेच म्हणाला, "अरे, मारिसोल गेली..." समोरच्या कागदावरचे वाक्य अर्धे होते. ते मी पूर्ण केले, लखोटा टपालपेटीत टाकला आणि मगच त्यांच्या घरी गेलो.

वहिनी पोर्तो रिको बेटावरच्या. तिथे झाडावर राहणारा अंगठ्याएवढा एक बेडूक असतो, कोकी. अंधार पडला की तो 'को-की, को-की' असे दोन स्वर लावतो, आणि सारे बेट त्यावर झोपते. भिंतींवर, कपांवर, गळ्यातल्या लॉकेटवर तिथे तोच. आजारपणात वहिनींना इतर कशानेच झोप येईना, म्हणून त्या रात्री खिडकीपाशी त्याचे ध्वनिमुद्रण लावू लागल्या. खालच्या मजल्यावरून तक्रार गेली. दहानंतर रूहेत्साइट, शांततेची वेळ; इमारतीच्या व्यवस्थापनाने बंदी घातली.

मी शाळेत फार टिकलो नाही. तरीही या भागातील मराठी कुटुंबांचे अर्ज मीच लिहितो आणि ते बहुधा मान्य होतात. हे प्रकरणही मी हाती घेतले. आधी तडजोड सुचवून पाहिली.

"वहिनी, दिवसा लावा."

"भावोजी, दिवसा कोकी गातो? दिवसा गाणारा खोटा." सासूशी फोनवर बोलता यावे म्हणून शिकलेल्या मोडक्या, ठाम मराठीत त्या म्हणाल्या.

"मग हेडफोन?"

"तो कानात नाही बसत. बाहेर बसतो, पानावर."

शेजारच्या बागेतील तळ्यात जर्मन बेडूक वसंतात रात्रभर ओरडत, आणि कायद्याने त्यांना कोणी हात लावू शकत नसे. याच मुद्द्यावर मी व्यवस्थापनाकडे अर्ज केला: बेडकाच्या आवाजास संरक्षण असेल, तर ते बेडकाच्या देशावरून ठरू नये. उत्तर आले की संरक्षण जिवंत बेडकास आहे, उपकरणास नाही. वहिनी हसता हसता खोकू लागल्या. "त्यांच्या बेडकाला पासपोर्ट आहे, भावोजी. माझा टुरिस्ट!" मला हसू आले नाही. एका आजारी बाईस झोप हवी होती, आणि मला कचेरीच्या एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवले जात होते.

मावशी, म्हणजे दादाची आई, शुश्रूषेसाठी सांगलीहून आली होती. जूनमधल्या एका संध्याकाळी, घड्याळात नऊ वाजले तरी बाहेर अजून उजेड असताना, दादाने वहिनींच्या उशाशी बसून ओठ गोल केले आणि शीळ घातली... को-की.

"श्रीकांत!" मावशी स्वयंपाकघरातून ओरडली. "दिवेलागणीनंतर घरात शीळ? साप येतो!"

दादाने शीळ थांबवली. वहिनींनी डोळे उघडले. मावशी दारात आली, त्यांच्याकडे पाहत राहिली, मग पदर खोचून म्हणाली, "घाल बाबा. येऊ दे साप. इथे त्यालाही आधी टेर्मिन, भेटीची वेळ, घ्यावी लागेल."

वहिनी झोपल्या. मग रोजच तसे होऊ लागले. लोक मला म्हणाले, प्रश्न सुटला की! मुळीच नाही. त्यांना जाग आली की दादा पुन्हा शीळ घाली, सकाळी तसाच कारखान्यात जाई. त्याचे ओठ फुटले होते. सोय वेगळी आणि हक्क वेगळा, हे मी किती जणांना सांगितले... आणि त्या नकाराविरुद्ध हरकत लिहायला घेतली.

आता व्यवस्थापनाचे पत्र आले आहे. संबंधित व्यक्ती हयात नसल्याने हरकत मागे घ्यावी. दादाही म्हणाला, "सोड रे आता. कोणासाठी भांडतोस?" म्हणून गेल्या आठवड्यात मी हरकत मागे घेण्याचा कागद तयार करून त्याची सही घ्यायला गेलो. बोलता बोलता दहा वाजले. तो वाक्य अर्धे टाकून उठला, वहिनींच्या रिकाम्या खोलीत गेला, खिडकी उघडली. दोनदा शीळ घातली. श्वास संथ झाला का, हे ऐकण्यासाठी थांबावे तसा थोडा थांबला, आणि खिडकी लावून परत आला.

"काय म्हणत होतो मी?" त्याने विचारले.

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. हरकत मी मागे घेतलेली नाही.