धायरीची भट्टी हलवली तेव्हा

उत्तरेश्वर मूळचा चंद्रपूरकडचा. डिप्लोमा झाल्यावर नोकरीसाठी पुण्यात आला आणि धायरीतल्या पृथ्वीराजशेठच्या कारखान्यात खरेदी सांभाळू लागला. तिथे पंपांचे लोखंडी भाग ओतले जात. कोळशाची भट्टी पेटली की धूर शेतांवर पसरायचा. शेतं होती तोवर कुणी बोललं नाही. मग दोन हजार सालानंतर शेतांत इमारती उठल्या आणि आयटीतली माणसं राहायला आली. समोरच्या सोसायटीतल्या नम्रता जोगळेकर एकदा काजळीने माखलेलं फडकं घेऊन ऑफिसात आल्या. "हे आपलंच आहे, परत करायला आले," एवढं बोलून त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

उपाय उत्तरेश्वरनेच काढला. इथली भट्टी बंद करायची आणि ओतलेले भाग त्याच्या गावाशेजारच्या नव्या कारखान्यातून मागवायचे. कोळसा तिकडेच निघतो, शिवाय तक्रार करणारं कुणी नाही, असं त्याने शेठना समजावलं. सहा महिन्यांत चिमणी उतरली. गणपतीत सोसायटीने त्याला शाल-नारळ दिला.

आई गेल्यापासून त्याचं गावी जाणं सुटलं होतं. भट्टी हलल्यावर तीन वर्षांनी दिवाळीला तो गावातच दिलेल्या थोरल्या बहिणीकडे, सत्यशीलाकडे गेला. दोरीवरचं धुणं राखाडी झालेलं. शेतात फुटलेला कापूस काळपट, व्यापारी तो हातात घेऊन खाली टाकायचा. सत्यशीला पाण्याची कळशी आणताना दोनदा थांबून खोकली. तिने तक्रार मात्र केली नाही. उलट शेजारणींना कौतुकाने सांगत होती, की माझ्या भावाच्या कंपनीमुळे हा कारखाना चालतो, आमच्या यांनाही तिथंच काम लागलं.

औषधपाण्याच्या निमित्ताने तो तिला पुण्याला घेऊन आला. महिन्याभरात खोकला कमी झाला. एका सकाळी गॅलरीत बसून ती म्हणाली, "तुमच्या इथली हवा मोठी चांगली हाय रे."

तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. भट्टी कुणाच्या सांगण्यावरून तिकडे गेली, ते त्याने सगळं सांगून टाकलं. तिने हातातल्या लुगड्याची घडी घातली.

"मले इथं आणून तू आपलं मन हलकं केलं," ती म्हणाली. "गावातल्या बाकीच्या लोकांले कुठं नेशील?"

त्याच दिवशी तो शेठकडे गेला. धूर गाळायचं यंत्र बसवलं नाही तर माल घ्यायचा नाही, असं तिकडे कळवू या म्हणाला. "तिकडून माल घ्यायचं तुम्हीच सुचवलंत, उत्तरेश्वर," शेठ म्हणाले. पण पत्रावर सही केली.

यंत्र बसलं. सत्यशीला कापसाच्या शेवटच्या वेचणीसाठी परत गेली. घर, नवरा, शेत तिथंच होतं. थोड्याच दिवसांत मेहुण्याचा फोन आला, की पुण्याहून कुणी येणार असलं तरच यंत्र चालू करतात. तेव्हापासून उत्तरेश्वर दर दोन महिन्यांनी न कळवता तिकडे जातो. फाटकावरून निरोप आत पोचतो आणि तो भट्टीपाशी जाईपर्यंत यंत्र सुरू झालेलं असतं. एरवी काय चालतं, ते तिथंच नोकरी असलेला मेहुणा आता सांगत नाही. विचारायचं धाडस उत्तरेश्वरलाही होत नाही.