घावणे का चिकटत होते, ते बांगडे साफ करताना कळलं

बायांनो, ऐका. तीन दिवस माझ्या खानावळीत एक घावणा धड उठत नव्हता. तांदूळ बदलले, पाणी कमीजास्त केलं, शेवटी सुनेवर घसरले. "तुका पीठ कालवूक येणा नाय गो." ती रुसली. उद्या माहेरी आचऱ्याला निघालीय.

आज दुपारी बांगडे साफ करत होते, डोक्यात दुसरं काही नव्हतं. एकदम आठवलं! काळ्या तव्याकडे बघून पाहुण्यांनी नाक मुरडलं, म्हणून मीच बिडाचा तवा साबणाने घासला होता. त्यावर मुरलेलं तेल सगळं निघून गेलं, मग घावणा चिकटणारच.

तशीच उठले. कांद्याने तेल चोळून तवा तापवला. घावणा अलगद सुटला. सुनेपुढे ठेवला, तर म्हणते, "पयलां सांगा, चूक कोणाची?"

मी तव्याकडे वळून पुढचा घावणा घातला. ती हा ग्रुप वाचते, म्हणून इथे लिहिते: चूक माझी. जाऊ नको गो.

तुमचंही डोकं असंच, हात कामात असले की चालतं काय?