सतरा नंबरचा चार्ज

मंडळी, आधीच सांगून टाकतो. भूत पाहिलं म्हणणाऱ्या माणसाला मी आजवर पहिला प्रश्न त्याच्या चष्म्याच्या नंबराचा विचारत आलोय. बायकोच्या माहेरी ज्या पिंपळाखालून कुणी जात नाही, त्याच्याखालून मी गाणं म्हणत गेलोय. (गाणं हौसेने म्हटलं, भीतीने नाही. बायकोचं मत वेगळं आहे.) पण इंदूरमध्ये, भर दुपारी तीन वाजता, लख्ख उजेडाच्या हॉलमध्ये जे झालं... ते लिहितोय ते तुम्हाला घाबरवायला नाही. सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहरातल्या मिला एकेक करून बंद पडत होत्या आणि मी नवीन नवीन आर्टिस्ट झालो होतो. दाढी, झोळी, सगळं सामान होतं. रंग मात्र एकच – काळा. लोखंड, रबरी पट्टे, पत्रे, जे मिळेल त्यावर काजळी आणि ग्रॅफाइट चढवायचं, उभं करायचं आणि गंभीर चेहऱ्याने बाजूला उभं राहायचं. लोक विचारायचे, "भिया, ये क्या है?" मी म्हणायचो, "आपको क्या लगता है?" आणि अर्धं काम तिथेच व्हायचं.

अन्नपूर्णा भागात आमच्या मागच्या गल्लीत मेश्राम काका राहायचे. त्यांचे वडील महूच्या पलटणीत होते, त्यामुळे ड्यूटी म्हणजे ड्यूटी. काका स्वतः मिलमध्ये ऑइलमन – सूत कातायच्या मशीनच्या बेरिंगांना तेल घालायचं काम. त्यांच्याकडून एक रीत कळली. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा असे दोघे ऑइलमन मशीनपाशी यायचे. जाणारा उलटा हात, म्हणजे हाताची मागची बाजू, बेरिंगच्या झाकणावर ठेवायचा आणि म्हणायचा, "ठंडा." मग येणारा स्वतः हात लावून म्हणायचा, "ठंडा." झाला चार्ज. त्याशिवाय घरी जायचं नाही.

मिल बंद झाली त्या दिवशी काका सकाळच्या पाळीत सतरा नंबरच्या मशीनवर होते. तीन वाजले, दुसरी पाळी आलीच नाही. तिला गेटवरच थांबवलं होतं. काकांना बाहेर काढलं, कुलूप लागलं.

"चार्ज देना रह गया रे," काका म्हणायचे. "तुझी मोठ्या लोकांत ओळख आहे. एकदा आत ने मला. दोन मिनिटांचं काम आहे."

आता माझं पाप ऐका. मिलचं भंगार सांवेर रोडवरच्या माझ्या मित्राच्या गोदामात आलं होतं. त्या ढिगात बिडाची जाड, गोल झाकणं होती, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात १७. मी उड्या मारल्या! काकांच्या गोष्टी ऐकूनच तर मी ती शोधत होतो. नऊ झाकणं उचलली आणि आकड्यांवरून काळ्या रंगाचा हात फिरवला. त्याच आठवड्यात काकांनी पुन्हा विचारलं, तर मी बिनदिक्कत म्हणालो, "काका, मशीन जशीच्या तशी उभी आहे. पुढच्या महिन्यात नेतो तुम्हाला." असे बरेच पुढचे महिने गेले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी झाकणं मागितली असती, आणि मला ती हवी होती.

प्रदर्शन लागलं. भिंतीवर काळा पाट, त्यावर नऊ काळी झाकणं, खाली 'हात लावू नये'. दुसऱ्या दिवशी हॉलचा शिपाई आला. "भिया, आपकी फोटो को बुखार है." मी हसलो. हात लावला तर मधलं झाकण खरोखर तापलेलं. दिवे बंद केले, इलेक्ट्रिशियन आणला, पाट उतरवून मागची भिंत बघितली. तार नाही, पाइप नाही. भिंत गार, बाकीची आठ झाकणं गार. मधलं तेवढं रोज तीनच्या सुमारास तापायचं आणि थोड्या वेळाने निवायचं. मी काय केलं? दिल्लीहून आलेल्या समीक्षकाला सांगितलं, "हा माझ्या संकल्पनेचा भाग आहे." तो खूश झाला.

शेवटच्या दिवशी मेश्राम काका आले. पेपरात फोटो बघितला होता त्यांनी. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. सरळ पाटासमोर जाऊन उभे राहिले.

"हे सतरा नंबर आहे."

"काका, ते म्हणजे..."

"उभी आहे म्हणाला होतास."

  काकांनी उलटा हात मधल्या झाकणावर ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"गरम आहे रे. खूप गरम. तेल नाही घातलंस?"

"काका, ही आता मशीन नाही. हे चित्र आहे."

"चित्र गरम होतं?"

समीक्षकाला वाटलं, हासुद्धा कार्यक्रमच आहे. त्याने टाळ्या वाजवल्या, मग चार लोकांनी वाजवल्या. आणि मी... लिहिताना लाज वाटते... मी कमरेत किंचित झुकलो.

काकांनी टाळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "गरम मशीनचा चार्ज देता येत नाही. मी तेल आणतो."

तेलाने माझा काळा रंग गेला असता, आणि काम तर दिल्लीला विकलं गेलं होतं. "उद्या या काका," मी म्हणालो. ट्रक सकाळी येणार हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बरोबर तीनला काका तेलाची कुपी घेऊन जिना चढून आले. भिंतीवर फक्त खिळे होते.

"नेलं?"

"हो."

रागावतील, चार शब्द ऐकवतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. काकांनी कुपी खाली ठेवली, उजवा हात पँटला पुसला आणि मधलं झाकण होतं त्या जागी, नुसत्या भिंतीवर, उलटा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"ठंडा," ते म्हणाले. मग पुढच्या पाळीच्या माणसाला जागा करून द्यावी तसे बाजूला सरकले. "ये. लाव हात."

मी उलटा हात लावला. भिंत तव्यासारखी तापली होती. ओरडलो कसा नाही, मलाच कळत नाही. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मिल बंद झाल्यापासून त्यांचं घरी जायचं राहिलं होतं, माझ्या एका शब्दासाठी.

"ठंडा," मी म्हणालो.

"चलो. हो गया," काका म्हणाले आणि कुपी माझ्या हातात देऊन निघाले.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "पोळ्या भाजायला कधीपासून लागलात?" बोटांच्या मागे फोड आले होते. ते भरून आले, पण कारण आजतागायत कळलेलं नाही. संध्याकाळी त्याच भिंतीला शिपायाने पाठ टेकली होती, त्याला काही लागलं नाही. काम पोचल्यावर दिल्लीवाल्यांना फोन केला तर म्हणाले, झाकणं बर्फासारखी गार आहेत. काका पुढे बरीच वर्षं होते. भेटले की मुलांची चौकशी करायचे, मिलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मलाही विचारायचा धीर झाला नाही.

कारण जन्मभर बेरिंगं तपासलेला तो हात चुकणारा नव्हता. मग भिंत त्यांना खरंच गार लागली, आणि तापली ती फक्त माझ्यासाठी? की त्यांनीही माझ्यासारखंच...? मला ठाऊक नाही. मला एवढंच आठवतं, त्या दुपारी जिना उतरताना काकांनी कठडा डाव्या हाताने धरला होता. उजवा हात त्यांनी खिशात घातला होता.