टाळ्या वाजवून मंजूर

आम्ही ओमानमधल्या सोहारची मराठी माणसं मस्कतच्या मंडळापासून वेगळी झालो, तेव्हा मीच सगळ्यात जास्त नाचले होते. मस्कतच्या लोकांशी आमचं भांडण नव्हतं. पण प्रत्येक कार्यक्रमाला अडीच तास गाडी हाकत जायचं, मुलींना मागच्या सीटवर नऊवारी नेसवायची, परतताना मस्कतजवळ अल अमेरातला नणंदेकडे मुक्काम टाकायचा, याचा कंटाळा आला होता. औद्योगिक वसाहतीतल्या कोकणच्या मुलांना तर तेही जमत नसे. त्यांना शुक्रवारची एकच सुट्टी, गाडी नाही, आणि बायका-मुलं गावी. गणपतीत ती फोनवर घरची आरती बघत बसायची.

त्यामुळे सोहारचं स्वतंत्र मंडळ काढायचं का, यावर मतदान घ्यायचं ठरलं आणि तेही रीतसर. लाडवांचा मोठा स्टीलचा डबा धुऊन आणला, त्याच्या झाकणावर कागद चिकटवला, चिठ्ठ्या फाडल्या. आता जे आमचे अध्यक्ष आहेत ते तेव्हा नुसते पुढारी होते. इथल्या एका मोठ्या प्लांटचे जनरल मॅनेजर, आवाज खणखणीत, मराठी शुद्ध. त्यांनी स्वतः कंपनीची बस लावून वसाहतीतली मुलं त्यांच्या कामगार कॅम्पवरून आणवली. फॅमिलीवाल्यांत मतं अर्धी-अर्धी होती, म्हणून पुढाऱ्यांना जास्तीच्या मतांची गरज होती. माइकवर ते म्हणाले, "आज जो चिठ्ठी टाकेल तो उद्या सभासद. दरवर्षी अशाच चिठ्ठ्या टाकून कमिटी निवडायची. इथे कोणी साहेब नाही, कोणी कामगार नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आज आठवलं की माझाच मला राग येतो. पण खरा राग मी जिथल्या तिथे ठेवते, म्हणजे अध्यक्षांवर.

डबा उघडला आणि स्वातंत्र्याच्या बाजूने भरघोस मतं निघाली. मुलांनी एकमेकांना उचलून घेतलं. त्यातला एक लोखंडकाम करणारा फॅब्रिकेटर, सावंतवाडीकडचा, माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वहिनी, आता गणपती आपलो." मी त्याला पेढा दिला.

पुढच्याच सभेत कमिटी निवडायची होती. पण अध्यक्ष म्हणाले, घाई आहे, हॉल थोड्याच वेळासाठी मिळालाय, आणि आपण घरचीच माणसं, निवडणुका कसल्या लढवायच्या? कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं, कोणीतरी अनुमोदन दिलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही आपली जुनी खोड आहे. सोसायटी असो, वाचनालय असो, शाळेची पालकसभा असो, निवडणूक म्हटली की आपल्याला वाईटपणा वाटतो आणि बिनविरोध म्हटलं की अभिमान. कोणी विरोधात उभं राहिलं तर तो घरात भांडण लावणारा. सूचक, अनुमोदक, टाळ्या, चहा. एवढ्यात कारभार कोणाच्यातरी हातात जातो आणि आपण बिस्किट चहात बुडवत असतो.

टाळ्या वाजवूनच मग बाकीचंही झालं. नियमावली आली, तीही टाळ्यांनी मंजूर झाली. कोणी वाचली नव्हती. तिच्यात एक ओळ होती, सभासदत्व सहकुटुंब असेल. म्हणजे ज्याची बायको इथे आहे तो सभासद. कॅम्पवरच्या एकट्या मुलांना 'स्वयंसेवक' असं गोंडस नाव मिळालं. स्वयंसेवकांनी मांडव घालायचा, खुर्च्या लावायच्या, पातेली उचलायची, वाढायचं आणि मागच्या दाराने जायचं. आरतीला ती मुलं हॉलच्या बाहेर उभी राहून टाळ वाजवत. मी विचारलं तर एक कमिटीवाल्या बाई म्हणाल्या, "अगं, लेडीज असतात, मुली असतात. इट डझन्ट लुक नाइस." ज्यांच्या जिवावर वेगळे झालो त्यांच्याच तोंडाला पानं पुसली, आणि वर हे नाइस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं की निवडणूक कधी आहे आणि त्या मुलांचं सभासदत्व कुठे गेलं. तासाभरात ग्रुपची सेटिंग बदलली. आता फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकत होते. बाकीच्यांनी त्यांचे सुप्रभात वाचायचे. मी अध्यक्षांना फोन केला. ते अतिशय गोड बोलले. "वहिनी, आपण परक्या देशात आहोत. इथे हे राजकारण बरं नव्हे. सांभाळून राहायला हवं." म्हणजे त्यांना जाब विचारला की ते राजकारण, आणि त्यांनी खुर्ची धरून ठेवली की ती समाजसेवा. मसालेभाताला किती तांदूळ लागतील हे ठरवणाऱ्या कमिटीची निवडणूक घेतली म्हणून इथे कोणाचं काय बिघडणार होतं? भीती बाहेरची नव्हतीच.

मी नवऱ्याला सांगितलं, वार्षिक सभेत मी सूचना मांडणार. कमिटी चिठ्ठ्या टाकून निवडा, आणि वेगळं व्हायच्या दिवशी ज्यांनी मत दिलं त्या सगळ्यांना मताचा हक्क द्या. तो म्हणाला, "मांड की. तुझं बरोबर आहे."

सभा शुक्रवारी दुपारी होती, सभेनंतर जेवण. आत सगळे नटूनथटून बसले होते. निम्म्याहून जास्त पुरुष अध्यक्षांच्या प्लांटमधले, नाहीतर त्या प्लांटला माल पुरवणारे. मागे स्वयंपाकघरात मुलं पातेली हलवत होती. इतिवृत्त वाचून झालं, टाळ्या झाल्या. विद्यमान कमिटीच पुढे चालू ठेवावी अशी सूचना आली आणि टाळ्यांसाठी हात उचलले गेले, तेवढ्यात मी उभी राहिले.

मी माझी सूचना वाचली. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लोकशाही आहे. अनुमोदक कोण?"

कोणी नाही. मी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. जिने माझ्या स्वयंपाकघरात बसून कमिटीला शिव्या घातल्या होत्या ती मैत्रीण मुलीची वेणी नीट करायला लागली. जो 'हुकूमशाही आहे ही' म्हणाला होता तो फोनमध्ये घुसला. सगळे मूग गिळून बसले. माझा नवरा समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होता.

"माझा अनुमोदन."

आवाज मागून आला. स्वयंपाकघराच्या दारात तो सावंतवाडीचा फॅब्रिकेटर उभा होता, हातात मठ्ठ्याचा डाव.

अध्यक्ष हसले. "अनुमोदन सभासदाचंच चालतं. नियम आहे."

"मगे मत घेतलात तेव्हा मी कोण होतंय?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेवण थंड होतंय. अनुमोदनाअभावी सूचना बाद. मूळ सूचना मंजूर?" टाळ्या पडल्या. आणि जोरात पडल्या. कोंडी फुटल्याचा आनंद होता तो. फॅब्रिकेटर डाव घेऊन आत गेला. मसालेभात वेळेवर आला, गरम आला, ज्याने टाळ्या वाजवल्या त्याच्याही पानात भरपूर पडला. मी जेवले नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

घरी जाईपर्यंत माझ्या फोनवर मेसेज येत राहिले. छान बोललीस. अगदी आमच्या मनातलं. ग्रेट करेज. वर अंगठ्यांची चित्रं. सगळे खाजगीत. मला अंगठे नको होते, एक हात हवा होता.

गाडीत नवरा म्हणाला, "तुझं बरोबरच होतं."

"मग हात का नाही वर केलास?"

तो म्हणाला, "अगं, रविवारी सकाळी ऑफिस उघडलं की मला अध्यक्षांसमोर बसायचंय. मीटिंग आहे. तुला कळत नाही का?"

"कळतं," मी म्हटलं. "आणि त्या अनुमोदन देणाऱ्याला कुठे जायचंय रविवारी? तुमच्याच प्लांटवर आहे ना तो, कॉन्ट्रॅक्टवर? तुला काढायचं तर तुला आधी नोटीस द्यावी लागेल. त्याचं एका फोनवर खलास. हे त्याला माहीत नव्हतं का?"