क्लिफर्डने कापलेला पलंग

क्लिफर्ड ओनियन्सला बोटीत जागा हवी असली की तो आधी करवत शोधायचा. त्याची ही खोड त्याच्या बायकोने, नेस्टाने, एकेचाळीस वर्षं सोसली. मी त्यांची शेजारीण, मार्ज. टिप्टनजवळ कालव्याच्या काठाला आमच्या राहायच्या बोटी एकीमागे एक बांधलेल्या असतात. माझ्या पुढच्या दारातून त्यांचं मागचं दार दिसायचं आणि भांडणं तर सगळी ऐकू यायची.

सगळ्यांत जुनं भांडण झाडूचं. आमच्या बोटी आतून जेमतेम सहा फूट रुंद, मग लांब दांड्याची वस्तू ठेवायची कुठे? भिंतीला टेकवून ठेवावी, तर एखादा उतावळा बोटवाला शेजारून जोरात जातो, बोट हलते आणि सगळं धडाधड वाटेत पडतं. छपरावर ठेवावी तर भिजते, शिवाय तिथे बोट ढकलायचा बांबू आणि ती काठाशी ओढायचा आकडा आधीच पसरलेले असतात. पहिल्याच वर्षी क्लिफर्डने झाडूचा दांडा हातभर कापला आणि झाडू कपाटात बसवला. तेव्हापासून नेस्टा कमरेत वाकून झाडायची आणि झाडताना त्याला ऐकवायची. तिने पुढे दोन नवे झाडू आणले. त्यांचंही तेच झालं.

"माझी उंचीपण मोजून ठेव रे. उद्या मी कपाटात मावले नाही तर?"

"तू मावतेस गं, पोरी." सत्तरी ओलांडली तरी तो तिला पोरीच म्हणायचा.

तो साखळ्यांच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेला, बोलायला कंजूष. ती दोघांच्या वाटचं बोलायची. शनिवारी ती वाटाणे आणि बेकन शिजवायची आणि पातेलं माझ्या दारात आणून म्हणायची, "घे, तुझ्या हातचं खाऊन तू मरशील एक दिवस." अशी बाई.

फेब्रुवारीत बोट पुढे न्यायला कालव्यातला पाणी अडवणारा जड दरवाजा ढकलता ढकलता ती खाली बसली, ती उठलीच नाही. डावं अंग गेलं होतं. सात आठवडे हॉस्पिटलात काढले. मग तिथली एक तरुण बाई बोट बघायला आली. मिस पॅजेट तिचं नाव. नेस्टा घरी येऊ शकते की तिला वृद्धाश्रमात ठेवायचं, ते ती ठरवणार होती. मुलगी वाईट नव्हती. पण तिच्या हातात मोजायची टेप होती आणि टेपेला दयामाया नसते.

"धरून चालायची चौकट ह्या वाटेतून जाणार नाही," ती पलंगाशी उभी राहून म्हणाली. "आणि ही काठी, वस्तू उचलायचा लांब चिमटा, बूट चढवायची लांब पट्टी, आंघोळीचा दांड्याचा ब्रश. हे सगळं त्यांच्या उजव्या हाताशी हवं. उंचावर नको, पलंगाखाली नको, वाटेत तर अजिबात नको."

"मग राहिलं कुठे?" मी विचारलं. मला राहवलंच नाही.

"तेच तर," ती म्हणाली आणि क्लिफर्डकडे बघितलं. "पुढच्या सोमवारी परत येते मी."

नेस्टा जमिनीवरच्या घरात एक आठवडाही राहिली नसती. तिला माहीत होतं, त्याला माहीत होतं, मलाही. तीन दिवस क्लिफर्ड तो लांब चिमटा हातात घेऊन बोटीत पुढून मागे, मागून पुढे फिरला. वरच्या तक्तपोशीला अडकवून बघितला, खिडकीखाली, पायऱ्यांमागे. कपाटात तिरका घालून बघितला. चिमट्याच्या आतून तार जात होती, म्हणून तो कापता येईना. नाहीतर कापलाच असता.

चौथ्या दिवशी करवतीचा आवाज आला. मी जाऊन बघते तर क्लिफर्ड पलंग उभा कापत होता. चार फुटांचा पलंग, दोघांचा. त्याने स्वतःची बाजू कापून काढली. निघालेल्या लाकडातून पलंगाच्या कडेला लांब खोबण केली, तिच्यात काठी, चिमटा, पट्टी, ब्रश, झाडूसुद्धा, सगळं एकापाठोपाठ आडवं निजवलं. बोट कितीही हलली तरी पडणार नाही, हात लांबवला की हाताशी. वाटही चांगली रुंद झाली.

"आणि तू कुठे झोपणार?"

"पुढे. शेगडीशेजारच्या बाकावर."

"तिला विचारलंस?"

"घरी तर येऊ दे तिला," तो म्हणाला.

मी आणखी बोलायला हवं होतं, बोलले नाही. खोबण खरंच सुरेख झाली होती.

सोमवारी मिस पॅजेटने टेप लावली, काठी चार वेळा काढून ठेवून बघितली आणि परवानगी दिली. तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, शेवटची तपासणी व्हायची होती. परवानगी मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी नेस्टा घरी आली. चौकट टेकत टेकत पलंगापर्यंत पोचली आणि थांबली. तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, तरी शब्द नीट कळत होते.

"अर्धा कुठाय?"

"जागा करायची होती, पोरी."

"कोणाला? झाडूला?" ती खोबणीकडे बघत राहिली. "झाडूला माझ्याशेजारी निजवलंस, आणि तू बाकावर?"

मी हसले. मला वाटलं ती थट्टा करतेय. मग बघितलं तर ती रडत होती.

ती रोज तेच म्हणायची. फेकून दे त्या काठ्या कालव्यात. फळी लाव परत. मला चिमटा हाताशी नको, तू हवास. तो एकच उत्तर द्यायचा. "ती बाई गुरुवारी येऊन जाऊ दे. तिने बघितलं आणि नापास केलं तर तुला घेऊन जातील. ती गेली की शुक्रवारी फळी लावतो." शेवटच्या आठवड्यात सोमवारी तो खरंच नवी फळी घेऊन आला आणि छपरावर बांधून ठेवली. नेस्टाला खिडकीतून तिचं टोक दिसायचं. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

मंगळवारी सकाळी साडेसहाला तो तिचा चहा घेऊन गेला. ती गेलेली होती. अर्धांगाचा दुसरा झटका, डॉक्टर म्हणाला, झोपेतच, त्रास झाला नसावा. पण पांघरूण अर्धं खाली पडलेलं होतं आणि तिचा उजवा हात खोबणीवर होता. क्लिफर्ड मला दिवसभर एवढंच विचारत होता, "मार्ज, हाक मारली असेल का गं तिने? बाकावर मला ऐकू नाही येत. शेजारी असतो तर कळलं असतं." मी म्हटलं, नसेल मारली. मला काय माहीत? मी खोटंच बोलले, आणि त्याला ते कळलं.

गुरुवारी दहा वाजता मिस पॅजेट आली. तिला कळवायचं मला सुचलं नाही, आणि क्लिफर्डला तर काहीच सुचत नव्हतं. तो दारात होता. त्याने टोपी काढली आणि बाजूला झाला. ती टेप काढतच आत गेली. वाट मोजली, खोबणीतला चिमटा काढून परत ठेवला, कागदावर खुणा केल्या.

"फार छान ठेवलंय, मिस्टर ओनियन्स. सगळं व्यवस्थित आहे. कुठे आहेत त्या?"

"परवा गेली."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हातातला कागद उलटा केला. "मला माहीत नव्हतं हो," ती म्हणाली. "खरंच नव्हतं."

"तुम्हाला कसं असणार," क्लिफर्ड म्हणाला. त्याने हातातली टोपी फिरवली. "पण तपासणी झाली ना? पूर्ण झाली?"

"झाली."

"मग आता फळी लावली तर चालेल?"

ती पोरगी त्या अरुंद पलंगाकडे बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "लावा."

त्याने टोपी घातली आणि छपरावरून फळी उतरवायला बाहेर गेला.