अल्काचा ड्रम

अल्का रामटेके दारूबंदी महिला मंडळात सहा वर्षं होती आणि सहाही वर्षं तिने एक गोष्ट पोटात ठेवली होती. तिची माय आमगावजवळच्या एका गावात मोहाचा सडवा आंबवून दारू गाळायची. बाप गेल्यावर तीन पोरी त्या भट्टीवरच जगल्या. लग्न होऊन फुलचूरला आल्यावर अल्काने त्याचं नावही काढलं नाही. कॉलेजात परिचर म्हणून लागली, बाटल्या धुता धुता निम्मी प्रयोगशाळा शिकली, आणि भट्ट्या फोडायला सगळ्यांच्या पुढे राहू लागली. स्वतःची लाज झाकायला माणूस किती धावपळ करतो, ते तिच्याकडे बघून कळावं.

२००९ साली कॉलेजातल्या घनश्याम बिसेन सरांनी तिला नव्या कामाला लावलं. धानाचं तणस पातळ आम्लात उकळायचं, चुना घालून त्याचा आंबटपणा मारायचा, आणि त्या गोडसर पाण्यात एक गुलाबी खमीर वाढवायचं. हे खमीर साखर खाऊन अंगात तेल साठवतं, आणि त्या तेलाचं डिझेल होतं. अट एकच, त्याला सतत हवा लागते. कॉलेजात जागा मिळेना, म्हणून सरांनी फुलचूरला टिनाचं शेड भाड्याने घेतलं. पहिले दोन ड्रम नासले. तिसरा नासला तर काम बंद, असं वरून बजावलं होतं. अल्काने तो ड्रम पाच दिवस तान्ह्या लेकरासारखा सांभाळला.

पाचव्या दिवशी भर दुपारी लाइन गेली आणि हवेचा पंप थांबला. सर नागपूरला गेलेले. खमिराला हवा मिळावी म्हणून अल्का अर्धा तास बांबूने ड्रम ढवळत होती, तोच मंडळाच्या बाया काठ्या घेऊन दारात उभ्या. पुढे अध्यक्ष भूमेश्वरीबाई. साठीची पोवारीण, पण तिच्यासमोर भलेभले गडी चळाचळा कापत.

"काऊन वो अल्का, मंडळात राहून दारूचा सडवा घालून राहिली?"

"सडवा नोहे बाई. तणसाचं पाणी हाये. याच्यातून तेल निघते."

"तणसातून तेल!" मागून कोणीतरी हसली.

"गल्लीभर आंबूस वास सुटला," भूमेश्वरीबाई म्हणाली. "उलथा तो ड्रम."

दोघींनी ड्रमची कड धरली. ढवळणं थांबलं होतं, खमीर आत गुदमरत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "सडवा आंबत असला का त्याच्या तोंडाशी जळती काडी विझते. इथं विझली तं माह्या हातानं उलथवीन."

तिने काडी ओढली आणि ड्रमच्या तोंडाशी नेली. पंप बंद पडून बराच वेळ झाला होता. खमिराच्या श्वासाचा वायू आत साचला असेल तर सगळं संपलं. ज्योत बारीक झाली, वाकली, पुन्हा सरळ झाली. बोट पोळेपर्यंत अल्काने काडी सोडली नाही.

बायांनी कड सोडली. भूमेश्वरीबाई मात्र हलली नाही. "कालेजातली जादू मले नोको दाखवू. दारू गाळणाऱ्यानं सांगतलं असतं तं मानलं असतं."

अल्का ड्रमकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गाळणारीनंच सांगतलं. माह्या मायनं. लहानपणी मडक्यावर काडी मीच धरत होती."

"अन् आमच्यासंगं भट्ट्या फोडत फिरली," मागून एक बाई पुटपुटली. अल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोणतं गाव?" भूमेश्वरीबाईने विचारलं. अल्काने सांगितलं. बाईने काठी खाली केली.

"तवा आमी आमगावलेच राहत होतो. ते भट्टी फोडाले मीच गेली होती. तीन पोरी भिंतीले चिकटून उभ्या होत्या."

"मधली मी."

बाईचा आवाज उतरला होता. "मडके फोडून आमी घरी गेलो. मंग तुमी काय खाल्लं वो?"

"आठ दिवस पेज. मंग माय लोकायच्या धानाच्या रोवणीले गेली, अन् माही शाळा सुटली."

भूमेश्वरीबाईने काठी भिंतीला टेकवली, पदर खोचला आणि बांबू हातात घेतला. "कसं ढवळाचं ते सांग," ती म्हणाली.