गुंड हालते का?

पाण्याचा पितळी गुंड चिंचेनं घासायला घेतला, की त्या आंबट वासासरशी मी भंडाऱ्याच्या मैदानावर पोचते. आमच्या आंधळगावच्या मुलींची बास्केटबॉलची जिल्हा फायनल होती. आदल्या दिवशी सरांनी मोबाइलवर परदेशी संघाचा एक डाव पाहिला आणि आमच्या भांड्यांच्या दुकानातच मांडून दाखवला. चार गडवे म्हणजे चार मुली, मोठा गुंड म्हणजे मी. "बॉलवाली तुह्या खांद्याजवळून निंगन, तिच्या मांगची तुले धडकन. गुंड हालते का? मंग तूबी हालू नोको. हालली का फाऊल तुहाच!" शेवटचे सहा सेकंद, आम्ही एका गुणानं मागे. आमची बॉलवाली माझ्या खांद्याला घासून निघाली आणि तिला अडवणारी धिप्पाड पोरगी सुसाट माझ्यावर आली. पळावंसं वाटलं, पण डोळे मिटून मी पाय रोवले. धाडकन् आदळली! मी उताणी पडले, फाऊलची शिट्टी वाजली नाही, आणि पडल्यापडल्याच बॉल जाळीतून जाताना दिसला. सगळ्या जणी बॉलवालीला उचलायला धावल्या, तर ती त्यांना ढकलून माझ्याकडेच आली. ती तेव्हा जे बोलली, ते गुंड घासताना मी अजून एकटीच मोठ्यानं म्हणते, "उठ नं वं, आता हालली तरी चालते!"